महिनाभराची गोळी

माकणी, ता. लोहारा, जि. धाराशिव

२९ सप्टेंबर

आज जागतिक हृदय दिन. उपकेंद्रात सकाळपासून तिशीपुढच्या माणसांची तपासणी. सोयाबीन काढणीला आलंय, त्यामुळे जो तो रानात जायच्या घाईत. एका काकूंचं बीपी १७२ वर १०० निघालं. त्या चालत आल्या होत्या, नुकतीच मिश्री लावलेली. अर्धा तास थांबवलं, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून बसवलं, हात छातीच्या उंचीवर घेऊन पुन्हा मोजलं. १६८ वर ९८. डॉक्टरांकडे जायला सांगितलं, तर म्हणाल्या, "मॅडम, मला तर कायबी होत न्हाई. दिवसभर रानात राबते. मग गोळी कशाला?"

दुखत नाही, चक्कर येत नाही. अशा माणसाला रोज गोळी घे म्हणायचं, तर त्याला उत्तर मिळायलाच हवं.

२ ऑक्टोबर

सुट्टी. काकूंच्या प्रश्नावर वाचत बसले. एकेकाळी डॉक्टरांमध्येही यावर एकमत नव्हतं. १२ एप्रिल १९४५ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, तेव्हा बीपी ३०० वर १९० होतं. त्यांना द्यायला खात्रीचं औषधच नव्हतं.

पुढची एक वाट आपल्या मुंबईतून गेली. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन काय आढळलं, ते १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडलं. आपल्या वैद्यांची ही जुनी मुळी त्यानंतर जगभरच्या डॉक्टरांपर्यंत पोचली. १९५२ मध्ये तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. डॉ. एडवर्ड फ्रीस यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर जो अभ्यास केला, त्यातल्या तीन औषधांपैकी एक हेच. खालचं बीपी ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष होते. काहींना औषध, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. १९६७ मध्ये निकाल छापून आला: बिनऔषधाच्या गटात २७ जणांवर गंभीर संकट ओढवलं, औषधाच्या गटात फक्त दोघांवर.

गोळीचा गुण एकेकट्या माणसाला जाणवत नाही. बरीच माणसं बरीच वर्षं मोजली, की तो दिसतो.

६ ऑक्टोबर

आशाताईंबरोबर घरभेटी. एका आबांनी गोळी सोडलेली. कारण विचारलं, तर धोतर वर करून घोटे दाखवले. सुजलेले. अमलोडिपिनने काहींचे पाय असे सुजतात. आबांना ते कुणी आधी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपला निष्कर्ष काढला आणि पाकीट कोनाड्यात ठेवून दिलं. यात आबांचा काय दोष? गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते, जोडीला दुसरी देता येते. उद्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं.

निघताना म्हणाले, "सत्तरी उलटली पोरी. आता कशापायी औषधं?" त्यांना सांगितलं, की ऐंशी वर्षांपुढच्या ३,८४५ माणसांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झालाय, आणि त्यातसुद्धा औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी झाले. आबा म्हणाले, "मग मी तर अजून ल्हानच की!" आणि कार्ड शोधायला उठले.

९ ऑक्टोबर

आज एका घरात जुनं दुःख ऐकलं. पक्षाघातानंतर कर्ती बाई अंथरुणाला खिळलेली. मुलीनं शाळा सोडली. बीपी आहे हे दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. "सुगी झाल्यावर बघू" म्हणत राहिलं.

रात्री साठीपुढच्या ४,७३६ माणसांचा अमेरिकेतला अभ्यास पुन्हा काढला. फक्त वरचं बीपी वाढलेली ही माणसं. पाच वर्षांत बिनऔषधाच्या गटात शंभरांत आठांना पक्षाघात झाला, औषधाच्या गटात पाचांना. हे १९९१ मध्ये छापलं गेलं. अभ्यास संपल्यावर सगळ्यांनाच औषध घ्यायला सांगितलं होतं. तरी बावीस वर्षांनी हिशेब केला, तेव्हा ज्यांना आधीपासून औषध होतं, तेच जास्त जगलेले दिसले. महिनाभराच्या उपचारामागे साधारण एक दिवस जास्त. उशिरा सुरू केलेल्यांना ती गेलेली वर्षं पूर्ण भरून काढता आली नाहीत. "सुगी झाल्यावर" म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे सांगितलं पाहिजे.

१३ ऑक्टोबर

काकूंना डॉक्टरांनी गोळी सुरू केली. दिवाळीला त्या मुलाकडे पुण्याला जाणार. नेमकी इथंच साखळी तुटते: गोळ्या संपतात, तिकडे कुणाला विचारायचं कळत नाही, आणि बरंही वाटत असतं.

थांबलं तर काय होतं, त्याचाही पुरावा आहे. २०१५ च्या मोठ्या अभ्यासात ९,३६१ माणसांपैकी निम्म्यांचं वरचं बीपी १२० च्या खाली आणायचं ठरवलं होतं. मृत्यू स्पष्ट कमी झाले. अभ्यास संपला, त्यातली देखरेख संपली, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांचं बीपी हळूहळू १४० पर्यंत चढलं. हृदयविकाराच्या मृत्यूंमध्ये मिळालेला फायदाही मावळला. अमेरिकेत हे घडलं. मग आपल्याकडे पाठपुरावा किती लागेल!

महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा या जिल्ह्यांत बीपीवर जे काम सुरू झालं, त्याचा गाभा हाच होता: ठरलेली औषधं, प्रत्येकाचं कार्ड, आणि जो आला नाही त्याला बोलावणं.

१४ ऑक्टोबर

काकूंना डॉक्टरांकडून पुरेशा गोळ्या मिळवून दिल्या. कार्डावर औषधाचं नाव आणि मात्रा ठळक लिहिली, मुलाशी फोनवर बोलले. शेंगाची चटणी आणि लोणचं पुण्याला बांधून नेणारच होत्या. त्यात मीठ असतं, स्वतःच्या ताटात कमी घ्या म्हटलं, हसल्या.

आशाताई आणि मी रजिस्टरातून गेल्या महिन्यात न आलेल्यांची नावं काढली. उद्यापासून सकाळी रानात जायच्या आधी एकेकाचं दार गाठायचं. कारण विचारायचं, रागवायचं नाही, बीपी मोजायचं, गोळी परत सुरू होईपर्यंत पाठ सोडायची नाही.