कानांचा हवापालट

हवापालटासाठी देवळालीला जायचं, ही मुंबईकरांची पद्धत आपल्या पणजोबांच्या काळची. डॉक्टर सांगायचे, कोरडी हवा आहे, महिनाभर राहून या. की निघाले ट्रंका, सतरंज्या आणि स्टोव्ह घेऊन, आणि अख्खं कुटुंब लॅम रोडवरच्या एखाद्या सॅनेटोरियममध्ये डेरेदाखल! आम्ही नवरा-बायको गेलो तीन दिवसांसाठी. ट्रंकेऐवजी बॅगेत होते दोन हेडफोन. हो, फक्त हेडफोन ऐकायला. हसा!

त्याचं काय झालं, ऑफिसातल्या एका मित्राला (या विषयातला अट्टल माणूस) सेनहायझरच्या दोन हेडफोनपैकी एक काढायचाय. एचडी ८०० एस, म्हणजे ओपन. आणि एचडी ८२०, म्हणजे क्लोज्ड. "दोन्ही घेऊन जा. सोमवारी एक परत कर आणि दुसऱ्याचे पैसे दे." सेकंडहँड असले तरी रक्कम अशी, की घरी आकडा सांगताना आवाज आपोआप खाली येतो. आणि आमचं घर म्हणजे डोंबिवलीतला वन बीएचके, खिडकीखाली रिक्षा स्टँड. तिथे ओपन हेडफोनची परीक्षा घेणं म्हणजे दादर स्टेशनवर ध्यान लावणं. म्हणून देवळाली!

ओपन-क्लोज्ड हे काय प्रकरण आहे, ते थोडक्यात सांगतो. हेडफोनचा पडदा हलला की आवाज कानाकडे जातो, तसाच मागेही जातो. ओपनमध्ये वाटीची पाठ जाळीची, त्यामुळे मागचा आवाज सरळ बाहेर. हा प्रकार बाजारात आणला तोही सेनहायझरनेच, १९६८ साली, पिवळ्या फोमच्या एचडी ४१४मधून. क्लोज्डमध्ये पाठ बंद. बाहेरचा गोंगाट कमी होतो, पण मागे गेलेला आवाज आपटून परत येतो आणि गाण्यात लुडबुड करतो. यावर ८२०मध्ये उपाय काय, तर आतल्या बाजूने फुगीर काच. ती मागचा आवाज बाजूला वळवते आणि तिथे तो जिरवला जातो. गंमत म्हणजे दोन्हींत ५६ मिलिमीटरचा एकाच जातीचा ड्रायव्हर. फरक पाठीचा. तुलनेला याहून चांगली जोडी कुठली?

गुरुवारी संध्याकाळी सीएसएमटीहून पंचवटी पकडली. गाडीत ओपन लावला आणि पाचव्या मिनिटाला काढला. डब्यातली सगळी संभाषणं गाण्यासकट! कसाऱ्यापर्यंत ८२०ने साथ दिली. पण खरं सांगू, गाडीत असला अवजड ऐवज, वर हातात अँप (तीनशे ओहम असल्यामुळे फोन एकट्याने पुरा पडत नाही)... लोक बघतात हो!

नाशिकरोडला उतरून रिक्षाने कॅम्पात. झाडांनी भरलेला रस्ता, कौलारू बंगले, लांबलचक व्हरांडे. आणि शांतता. ब्रिटिशांनी १८६१मध्ये इथे छावणी उभारली. मायदेशी जाणारे गोरे सोजीर बोटीची वाट बघत महिनोन्महिने इथे पडून असायचे आणि कंटाळून त्यांचं डोकं फिरायचं. इंग्रजीत वेड लागलेल्याला 'डूलॅली' म्हणतात, तो शब्द इथलाच. पूर्वी त्यापुढे 'टॅप' असायचा, म्हणजे आपला ताप! आम्हाला मात्र पहिल्याच रात्री ही शांतता लागू पडली.

नाशकात आलोय म्हणून द. वि. पलुसकर लावले. १९२१मध्ये नाशिकला जन्म, १९५५मध्ये गेले. जेमतेम चौतीस वर्षं. तेव्हा स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात यायच्या होत्या, त्यामुळे सगळं मोनो. क्लोज्डमध्ये पलुसकर माझ्या डोक्याच्या मधोमध बसून गात होते. सुंदर, पण कवटीच्या आत. त्यात मला चष्मा. काडीमुळे पॅडला फट पडते आणि मान वळवली की खर्ज कमी-जास्त होतो. ओपन लावला. मोनोच तो, गाणं मधोमधच राहिलं, पण भिंती गेल्या. बाहेरचे रातकिडे आणि आतला तानपुरा एकत्र, आणि मला त्याचा अजिबात राग आला नाही. अर्ध्या तासाने पलंगावरून आवाज, "छान गातात, पण मला झोपायचंय!" हा ओपनचा दुर्गुण. बाहेरचं आत येतं, तसं आतलं बाहेर.

शुक्रवारी सकाळी व्हरांड्यात बसलो होतो. धप्प! तावदानं थरथरली. हे तोफखान्याचं गाव, रेंजवर सराव सुरू झाला होता. मी लगेच ८२० चढवला. पक्षी गायब, शेजारचं कुकर गायब, पण धप्प तसंच. खालच्या पट्टीतला आवाज अशा नुसत्या आवरणाने फारसा अडत नाही. छातीत पोचतोच.

शेजारच्या बंगल्यातले काका कंपाउंडपाशी येऊन बघत होते. तोफखान्यातून रिटायर झालेले. "काय रे, तोफ ऐकू येऊ नये म्हणून एवढं?" मी म्हटलं, "नाही काका, गाणं ऐकायला. बघा तरी लावून." भजन लावलं, ८०० एसवर. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "पखवाज फार छान आहे. यात टाळ नाहीयेत का?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. टाळ इतके स्वच्छ होते, की तिला दोन हातांवरून ऐकू येत होते.

"आमच्या वेळी कापसाचे बोळे घालायचो," काका सहज म्हणाले, "तेही आठवण राहिली तर."

कानाच्या आतल्या केसपेशी मोठ्या आवाजाने मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. बहुधा आधी जातात त्या वरच्या पट्टीच्या. तोफच हवी असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास. वर तीन डेसिबल चढले की वेळ निम्मा. ठाणे-डोंबिवली लोकलमध्ये गाणं ऐकू यावं म्हणून आपण फोनचं बटण किती वेळा दाबतो, मोजा एकदा.

शनिवार-रविवार आम्ही आळीपाळीने ऐकत काढले. आरामाचं म्हणाल तर ८०० एस ३३० ग्रॅम, ८२० ३६० ग्रॅम. फरक तीसच ग्रॅमचा, पण दुपारी ८२०खाली तासाभरात कान घामेजले, तेही देवळालीच्या कोरड्या हवेत. मुंबईच्या मे महिन्याची कल्पनाच नको. ओपन दोन तास डोक्यावर विसरून गेलो. खर्ज जरा हलका आहे, पार्टीची गाणी ऐकणाऱ्यांनी नादी लागू नये.

सोमवारी ८२० परत दिला. पैसे तीन हप्त्यांत. रिक्षा स्टँड अकरानंतर थंडावतो, तेव्हा मी स्वयंपाकघरात दार लावून बसतो. लोकलमध्ये आता काहीच लावत नाही. ते बायकोने ठरवलंय.