भीड ही भिकेची बहीण

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत देवधर्म, भाषा, उत्सव आणि पूर्वजांचे कष्ट यांविषयीचे लेख वाचण्याची आपणा सर्वांस सवय आहे. त्या पंक्तीस मोटारीच्या अलार्मचा विषय आणून बसविणे कोणास विजोड वाटेल. परंतु ज्या मॉरिशसमध्ये आज अनेक घरांच्या अंगणात मोटार उभी असते, तेथे तिच्यात बसविलेली एखादी वस्तू बिघडली असता आपण कसे वागतो, यावरून समाज म्हणून आपली पारख होते, असे मला अनुभवान्ती वाटू लागले आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

माझ्या मातोश्रींना मूत्रपिंडाच्या विकारामुळे आठवड्यातून तीन वेळा, मंगळवारी, गुरुवारी व शनिवारी, डायलिसिससाठी पहाटे इस्पितळात न्यावे लागते. मी कचेरीस बसने जातो. मोटार मुख्यत्वे या कामासाठीच ठेवली आहे. ती जपानहून आलेली, वापरलेली परंतु दुरुस्त करून विकलेली, एक वर्षाच्या हमीची. आमच्या आळीत चोऱ्या होऊ लागल्या, तेव्हा एका दुकानातून तीत अलार्म बसवून घेतला. आठ हजार रुपये दिले आणि पावती घेतली. दुकानदार आपल्याच समाजातील, मंडळाच्या कार्यात पुढे असणारा, स्वभावाने गोड असा गृहस्थ आहे. त्याचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

पुढल्याच मंगळवारी पहाटे पाच वाजता गाडी सुरू होईना. शेजाऱ्याने आपल्या गाडीने आईस पोहोचविले, म्हणून निभावले. दुकानदार म्हणाला, “दादा, बॅटरीच जुनी आहे, तिला अलार्म काय करणार?” त्याच्या सांगण्यावरून साडेचार हजारांची नवी बॅटरी घेतली. गुरुवारी गाडी कण्हत कण्हत सुरू झाली, शनिवारीही झाली. परंतु मंगळवार उजाडला आणि पुन्हा तीच गत! गाडी विकणाऱ्याकडे गेलो, तर त्याने सांगितले की परक्या माणसाने तारांना हात लावला, सबब आमची हमी संपली. एकाने बॅटरीकडे बोट दाखवावे, दुसऱ्याने पहिल्याकडे. आणि दोघांच्या मध्ये एक रुग्ण वृद्धा पहाटेच्या काळोखात ताटकळत बसावी, अशी ती अवस्था होती.

मग मी तिसऱ्याच एका इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याचा या दोघांशी काही संबंध नव्हता. त्याने गाडी अर्धा तास बंद ठेवून मग बॅटरीतून किती वीज वाहते ते मोजले. उभ्या गाडीत घड्याळ वगैरेंसाठी सुमारे ०.०५ अँपिअर वीज खर्च होणे स्वाभाविक असते, येथे ०.६ अँपिअर होत होती. अलार्मची तार सोडविताच तो आकडा ०.०४ वर आला. हिशेब सोपा होता. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची. शनिवारी सकाळी दहापासून मंगळवारी पहाटे पाचपर्यंत ६७ तास होतात. तेवढ्यात ४० अँपिअर-तास वीज निघून जाई. मंगळवार ते गुरुवार हे अंतर ४३ तासांचे, म्हणजे २६ अँपिअर-तासांचे. म्हणून गुरुवारी गाडी कशीबशी चाले. शिवाय बॅटरीपासून अलार्मकडे नेलेल्या तारेवर फ्यूजच नव्हता. ती तार कोठे घासून उघडी पडली असती, तर गाडीने पेट घेण्याचीही भीती होती. हे सर्व त्याने स्वाक्षरीनिशी लिहून दिले.

आता खरी अडचण पुढे आली, आणि ती विजेची नव्हती. मंडळातील एक वयोवृद्ध काका मला म्हणाले, “अरे, आपल्याच माणसाविरुद्ध कागद करायचा? चार पैशांसाठी संबंध बिघडवू नकोस.” खुद्द आईनेही तेच सांगितले. या बोलण्यामागील आपुलकी मी नाकारीत नाही. ऊसमळ्यांच्या बराकींत एकमेकांच्या आधारावाचून आपले पूर्वज तगलेच नसते. परंतु मी आईस म्हटले, “आई, हा अलार्म त्याने आणखी किती गाड्यांत असाच बसविला असेल? त्यांतील एखादी पेटली, तर ती माणसे आपली नव्हेत काय?” ती काही बोलली नाही, पण पुन्हा तिने मला अडविलेही नाही.

कायदा या बाबतीत काय म्हणतो, ते प्रत्येक कुटुंबास ठाऊक असावे. १८१० मध्ये इंग्रजांनी हे बेट घेतले, तरी फ्रेंच दिवाणी संहिता येथे कायम राहिली, आणि आजही व्यवहाराचा पाया तीच आहे. तिच्या ११३४ व्या कलमाप्रमाणे रीतसर केलेला करार हा करणाऱ्यांपुरता कायदाच असतो. करार पाळला नाही, अथवा विलंबाने पाळला, तर ११४७ व्या कलमाखाली नुकसानभरपाई मागता येते. विकलेल्या वस्तूत छुपा दोष असल्यास १६४१ वे कलम विक्रेत्यास जबाबदार धरते. मात्र दोष कळताच त्वरा करावी लागते. फ्रान्समधील न्यायनिवाडे आपली न्यायालये मार्गदर्शक मानतात, आणि त्यांच्या मते गाडी दुरुस्त करणाऱ्याने केवळ प्रयत्न करून भागत नाही. काम बिनचूक होणे हीच त्याची जबाबदारी असते. याखेरीज १९९१ चा ग्राहकसंरक्षण कायदा आहे. तेव्हा अलार्म बसविणाऱ्याकडे दाद मागणे म्हणजे दयेची याचना नव्हे.

मी दुकानदारास एक पत्र लिहिले. त्यात रागाचा एकही शब्द घातला नाही. अलार्म बसविल्याची तारीख, दिलेली रक्कम, गाडी बंद पडल्याचे दिवस, इलेक्ट्रिशियनचा लेखी अभिप्राय आणि माझी मागणी, एवढेच मांडले: काम स्वखर्चाने दुरुस्त करावे, नाहक घेतलेल्या बॅटरीचे व तपासणीचे पैसे द्यावेत, त्यासाठी पंधरा दिवसांची मुदत. आपल्याकडे ज्यास ‘मीझ आँ दमर’ म्हणतात, तेच हे पत्र. ते नोंदणीकृत टपालाने धाडून पोचपावती जपून ठेवली. गाडी विकणाऱ्याचे हमीपत्रही ओळीने वाचले. परक्या कामामुळे उद्भवलेला दोष हमीत येत नाही, इतकेच त्यात होते. इतर भागांची हमी रद्द होते असे कोठेही नव्हते. ते वाक्य दाखविताच त्याने आपले म्हणणे मागे घेतले.

दुकानदाराकडून मात्र पंधरा दिवसांत उत्तर आले नाही. तेव्हा मी ग्राहकसंरक्षण मंत्रालयाच्या ग्राहक-कक्षाकडे तक्रार नोंदविली. हा कक्ष न्यायालय नव्हे. तो दोन्ही पक्षांस समोरासमोर आणून तडजोड घडवितो. तेथे न जमल्यास लहान रकमांच्या दाव्यांसाठी जिल्हा न्यायालयात सुलभ कार्यपद्धती आहे. मला तिथवर जावे लागले नाही. अधिकाऱ्यासमोर कागद मांडले गेले, दुकानदाराने ते वाचले आणि थोडा वेळ स्तब्ध राहून म्हणाला, “दादा, हे काम आमच्या शिकाऊ पोराने केले. मी पाहायला हवे होते.” त्याने तार नव्याने ओढून फ्यूज बसविला, बॅटरीचे व तपासणीचे पैसे दिले, आणि त्यापूर्वी बसविलेल्या गाड्या एकेक करून बोलावून तपासल्या. त्या भाद्रपदात गणपतीच्या आरतीस आम्ही शेजारी शेजारी उभे होतो. संबंध तुटला नाही, उलट निर्मळ झाला.

या प्रकरणी मला वारंवार आपल्या पूर्वजांच्या कागदांची आठवण होई. मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत स्थलांतरितांची जुनी दप्तरे आहेत. ज्या करारांच्या भाषेचे अक्षरही वाचता येत नव्हते, त्यांवर आपल्या आज्या-पणज्यांनी निशाणी केली. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. कागद तेव्हा मालकाच्या हाती होता. तरीही १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेविट्झ यांच्या साहाय्याने ९,४०१ जुन्या स्थलांतरितांनी अर्ज केला, आणि पुढल्या वर्षी राजकीय चौकशी आयोग या बेटावर आला. निरक्षर माणसांना जे धैर्य झाले, ते शिकल्यासवरल्या आपणास केवळ भिडेपोटी होऊ नये, ही खेदाची गोष्ट नव्हे काय?

म्हणून वाचकबंधुभगिनींस माझी नम्र विनंती आहे. गाडीत कॅमेरा, रेडिओ, अलार्म काहीही बसवा. वस्तूचे नाव, बसविण्याची मजुरी आणि हमीची मुदत पावतीवर स्पष्ट लिहून घ्या. बिघाड झाल्यास तो कोणत्या दिवशी व कशा स्थितीत झाला याची नोंद ठेवा. तिऱ्हाइताकडून तपासणी करून तिचा निष्कर्ष लेखी घ्या. आणि तोपर्यंत बसविलेली वस्तू काढून टाकू नका, कारण तीच मुख्य पुरावा असते. मग सौम्य शब्दांत, पण मुदत घालून पत्र लिहा. आणि आपल्यापैकी जे दुकानदार आहेत त्यांस एवढेच सांगणे की, आपले ग्राहक असे पत्र घेऊन आले तर त्यांस वैरी समजू नका. गुपचूप दुसऱ्या दुकानात निघून जाण्याऐवजी ते तुमच्याकडे आले, हाही एक विश्वासच आहे.

भीड ही भिकेची बहीण, असे आपले वाडवडील म्हणत आले. आपुलकी अवश्य राखावी. परंतु हिशेब चोख असला म्हणजेच ती टिकते.