माजघरातील तार

आमचे घर पडावावर आहे. स्थानकाकडून फूलबागेच्या दिशेने निघाले की राणी लक्ष्मीबाईंची समाधी येण्यापूर्वीच आमची गल्ली लागते. पडाव म्हणजे मुक्काम, चार दिवसांची वस्ती. पण मुक्कामाचेच गाव करून टाकण्याची ग्वाल्हेरला जुनी खोड आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी येथे तळ ठोकला आणि त्या तळाचे 'लष्कर' नावाचे शहर होऊन बसले. आमचे आजोबाही नोकरीपुरते म्हणून आले, आणि दोन फूट जाडीच्या दगडी भिंती व वर पटियांचे छत घालून कायमचे राहिले. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंशांची लू वाहत असते, तेव्हा आमच्या माजघरात सतरंजी टाकून पडणाऱ्यास पंख्याचीही फारशी गरज भासत नाही. या भिंतींचा आम्हा सर्वांना मोठा अभिमान. त्या भिंतीच एके दिवशी आमच्या संसाराच्या आड येतील, असे मात्र कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

गतवर्षी चैत्रात चिरंजीव आणि सूनबाई नोएडाचे बिऱ्हाड मोडून घरी आले. चिरंजीवांना येथील एका महाविद्यालयात जागा मिळाली होती. सूनबाईंची नोकरी संगणकाच्या प्रणाली तपासण्याची. ती घरी बसून करण्यास कंपनीने संमती दिली, पण एका महिन्याच्या अटीवर. महिनाभरात काम आणि बैठका निर्वेध झाल्या तर ठीक, नाहीतर पुन्हा नोएडाच्या कचेरीत रुजू व्हावयाचे. सून गेली की नात जाणार, आणि दोघी गेल्यावर चिरंजीव येथे किती दिवस टिकणार? आमच्या गल्लीत एके काळी मराठी माणसांची सात घरे होती. आज दोन उरली आहेत. बाकीच्या पाच घरांतील मुले पुणे, बंगळूर आणि अमेरिकेत आहेत. म्हणून त्या एका महिन्याकडे आम्ही म्हातारी माणसे कोणत्या दृष्टीने पाहत होतो, हे परप्रांतात घर करून राहिलेल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

इंटरनेट जोडणारा मुलगा आला तो शिडी खांद्यावर घेऊनच. खांबावरून काचेच्या तंतूची बारीक काळी तार त्याने बैठकीच्या खिडकीतून आत घेतली, रस्त्याकडच्या कोपऱ्यात भिंतीवर एक पांढरी पेटी ठोकली आणि वीस मिनिटांत "बाबूजी, पूरे घर में चलेगा" असे आश्वासन देऊन तो निघूनही गेला. पेटीच्या पोटाशी चिकटवलेल्या कागदावर वाय-फायचे नाव आणि परवलीचा शब्द छापला होता. तो शब्द सूनबाईंच्या लॅपटॉपमध्ये भरताना माझा अर्धा तास गेला; कारण इंग्रजी 'ओ' आणि शून्य यांच्यात भेद करण्याइतके माझे डोळे आता तेज राहिलेले नाहीत. अखेर साडेचार वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, हे लांबट आहे, म्हणजे झीरो." लॅपटॉप तत्काळ जोडला गेला. बैठकीत वेग मोजला तो सेकंदाला शंभर मेगाबिटच्या जवळपास भरला.

परंतु बैठकीत बसून काम कसे होणार? बाहेर टेम्पो आणि ई-रिक्षांचे भोंगे, दारी येणारे-जाणारे, शिवाय स्थानकावरच्या घोषणाही वारा असेल तशा ऐकू येतात. शांत खोली एकच, आणि ती माजघर. लॅपटॉप तेथे नेला आणि वेग दोन-तीनावर येऊन थांबला. समोरच्या माणसांची तोंडे उघडी राहत आणि शब्द मागाहून येत. पहिल्याच बैठकीत सूनबाईंना चार वेळा "ऐकू येत नाही" असे ऐकावे लागले. त्या मुकाट्याने उठल्या आणि पोळ्या लाटू लागल्या. मला ते सहन झाले नाही.

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात पस्तीस वर्षे काढलेली आहेत. तारेवर माझी श्रद्धा. जी वस्तू दिसत नाही तिच्या भरवशावर मी गाडी सोडली नाही. त्यामुळे हा वाय-फाय नावाचा प्रकार आधी समजून घेणे मला भाग पडले. तो मूळचा रेडिओच आहे. पेटी दोन पट्ट्यांत बोलते. एका पट्टीतील लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या वितीहून कमी. दुसरीची त्याच्याही निम्म्याहून कमी. आखूड लहर माहिती भराभर नेते, परंतु भिंतीशी तिचे मुळीच जमत नाही. लांब लहर मंद, पण थोडी चिवट. जगदीशचंद्र बसूंनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात याहूनही आखूड लहरींनी, मध्ये तारेचा धागाही नसताना, दूर ठेवलेली घंटा वाजवून दाखवली होती. मग मला का जमू नये, असे प्रथम वाटले. पण एकदा घंटा वाजवणे निराळे आणि तासभर दहा माणसांचे चेहरे व आवाज अखंड पोहोचवणे निराळे. त्यातून आमची पेटी रस्त्याकडच्या कोपऱ्यात. तेथून माजघराकडे निघालेली लहर भिंतीत तिरपी शिरते, तेव्हा दोन फुटांची भिंत तिला तीन फुटांहून जाड पडते. आणि पलीकडे भिंतीला टेकून आरशाचे लोखंडी कपाट उभे!

कपाट हलवले. थोडा गुण आला. काचेच्या तंतूला जेवढी ढील होती तेवढी पेटी आत सरकवून उंच कोनाड्यात ठेवली. आणखी थोडा आला. तंतू फार वाकवला तर आतल्या आत तडकतो, म्हणून त्यापुढे जाण्याचे धाडस केले नाही. मग शेजारच्या एका विद्यार्थ्याने रिपीटर नावाची डबी आणून दिली. ती मधल्या दाराशी लावली. लॅपटॉपवर चारही रेघा दिसू लागल्या आणि आम्ही पेढे आणण्याच्या गोष्टी करू लागलो. वेग मात्र दहाच्या पुढे जाईना आणि बैठक तुटावयाची ती तुटेच. याचे कारण माझ्या ध्यानात रात्री अंथरुणावर आले. रिपीटर एकाच तोंडाने ऐकतो आणि त्याच तोंडाने बोलतो. म्हणजे हा एकेरी मार्ग झाला: वरची गाडी निघाली की खालचीने स्थानकात उभे राहावयाचे. रेघा म्हणजे केवळ सिग्नलचा हिरवा दिवा. मार्गावर किती गाड्या खोळंबल्या आहेत ते दिव्यावरून कळत नाही.

दुहेरी मार्ग हवा असेल तर तार ओढली पाहिजे, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला माजघरात दुसरा राउटर बसवला पाहिजे. ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी सुचावयास हवी होती. परंतु 'बिनतारी' या शब्दाने मला भुलवले. आता तार न्यावी कोठून? मधले दार दुसऱ्या टोकाला, आणि तेथून तार नेली तर दार लागत नाही. दार लागले नाही तर नात येऊन आईच्या मांडीवर बसते. ड्रिलवाल्यास बोलावले. त्याने भिंतीवर बोटांनी ठकठक केले आणि "इतनी लंबी बिट नहीं है, बाबूजी" म्हणून हात झटकले. महिन्यातील सतरा दिवस संपले होते.

आमच्या मातोश्री अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. या सर्व खटाटोपाविषयी त्यांनी आजवर एक अक्षरही काढले नव्हते. फक्त 'या घरात बायका रात्री दहापर्यंत काम करीत, पण ते भांड्यांचे' असे एकदा पुटपुटल्या होत्या. त्या दिवशी मी माजघरात भिंतीकडे पाहत हताश बसलेला पाहून त्या म्हणाल्या, "कालनिर्णयाच्या मागे बघ. गिलावा पोकळ लागेल."

मी दिनदर्शिका काढली. ठोकून पाहिले तर खरोखरच एके ठिकाणी निराळा आवाज आला. पेचकसाने गिलावा खरवडला, तशी जुनी कापूस-चिंध्यांची बुचकी निघाली आणि मागोमाग बोटभर रुंदीचे आरपार भोक!

"तुझ्या वडिलांनी पाडलं ते, बासष्ट साली," आई सांगू लागल्या. "रेडिओ बैठकीत. तिथं मामंजी बसायचे. आम्ही कशा जाणार? मग तुझ्या वडिलांनी एक वेगळा कर्णा आणला आणि इथे या फळीवर ठेवला. छिन्नीनं तीन रविवार भिंत फोडत होते. मामंजी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. म्हणाले, बायकोच्या गाण्यासाठी घराला भोक पाडलंस."

मी तेव्हा तीन वर्षांचा असेन. मला तो कर्णा आठवत नाही. वडील माझ्या लेखी अतिशय अबोल, हिशेबी गृहस्थ. दरवर्षी पोस्टात जाऊन रेडिओच्या परवान्याचे शुल्क भरून येणारे आणि त्याची पावती जपून ठेवणारे. (आजच्या या पेटीस परवाना लागत नाही, तिची लांब लहरींची पट्टी सरकारने २००५ मध्ये परवानामुक्त केली.) त्यांनी छिन्नी घेऊन तीन रविवार घाम गाळला असेल, हे मला सहासष्टाव्या वर्षी प्रथमच कळत होते.

त्यानंतरचे काम माझ्या हातचे होते. दाल बाजारात राहणाऱ्या माझ्या जुन्या सहकाऱ्याकडून तार घेतली. या तारेत आठ बारीक तारा असतात, दोन-दोन एकमेकींना पीळ घातलेल्या. पीळ शोभेसाठी नव्हे. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि दुसऱ्या टोकाला त्याची वजाबाकी होते. ही युक्ती टेलिफोनकर्त्या ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये स्वतःच्या नावे नोंदवली होती, आणि रेल्वेच्या केबलमध्ये मी ती जन्मभर हाताळली. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा रंगांचा क्रम लावून दोन्ही टोकांना स्वच्छ प्लास्टिकची बोंडे दाबून बसवली. अशी तार शंभर मीटरपर्यंत वेग न गमावता चालते. आम्हाला बारा पुरली. वडिलांच्या भोकातून ती अशी सुळकन पलीकडे गेली, की जणू तिच्यासाठीच ते राखून ठेवले होते.

दुसरा राउटर लावला आणि घरातले सगळेच इंटरनेट बंद पडले! बैठकीतलेसुद्धा. सूनबाईंचा चेहरा पाहून मला घाम फुटला. चूक माझीच होती. प्रत्येक राउटरला कारखान्यातूनच एक अंकी पत्ता मिळतो, आणि आमच्या दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ हाच होता. शिवाय घरातील यंत्रांना पत्ते वाटण्याचे काम दोघेही करीत होते. एकाच एकेरी मार्गावर दोन स्टेशनमास्तरांनी आपापली टोकने द्यावीत, तसा हा प्रकार! मग लॅपटॉप तारेने थेट दुसऱ्या राउटरला जोडून त्याचा पत्ता शेवटी दोन असा केला, पत्तेवाटपाचा त्याचा अधिकार काढून घेतला, आणि बैठकीकडून आलेली तार त्याच्या 'वॅन' लिहिलेल्या छिद्रातून काढून साध्या छिद्रात घातली. दोघांची नावे आणि परवलीचे शब्द एकच ठेवले, म्हणजे लॅपटॉप घेऊन फिरताना पुन्हा जोडावा लागत नाही. लांब लहरींचे चॅनेल मात्र एकाला एक आणि दुसऱ्याला सहा असे वेगळे दिले. कारखान्याने घातलेले व्यवस्थापकाचे परवलीचे शब्दही बदलले. हे शेवटचे काम पुष्कळ लोक करीत नाहीत. घराला कुलूप लावून किल्ली दारावरच टांगून ठेवावी, तशातली ती गत असते, म्हणून मुद्दाम लिहिले.

माजघरात वेग ब्याण्णव आला.

त्या रात्री साडेनवाला, परदेशातील सहकाऱ्यांशी बैठक ऐन रंगात असताना, सारे एकाएकी थांबले. पाहतो तो राउटरचे बटण बंद. आई निजण्यापूर्वी घरभर फिरून अनावश्यक बटणे बंद करतात. पन्नास वर्षांचा नेम आहे. मी जरा वरच्या आवाजात बोललो असेन. त्या शांतपणे म्हणाल्या, "रात्रभर दिवा ठेवायला घरात बाळंतीण आहे का?"

मला उत्तर सुचेना. सूनबाई मात्र बाहेर आल्या, आईंच्या जवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुमचा कर्णा होता ना फळीवर, त्याच्याच जागी हा आहे. हा बंद झाला की मला कोणाचं बोलणं ऐकू येत नाही." आई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने मी पाणी प्यावयास उठलो तेव्हा स्वयंपाकघरातला, बैठकीतला आणि जिन्यातला दिवा बंद होता. माजघरातले बटण चालू होते.

महिना संपला. कंपनीने तूर्त मार्चपर्यंत संमती वाढवून दिली आहे, पुढचे पुढे. राउटर आता इन्व्हर्टरवर घेतला असला, तरी आमचा इन्व्हर्टर जुना. जूनमध्ये वळवाच्या पावसात विद्युत गेली, तेव्हा तोही दहा मिनिटांत दमला. सगळीकडे काळोख. चिरंजीव मेणबत्ती शोधत होते, सौ. नातीला हाका मारीत होत्या, मी काड्यापेटीसाठी चाचपडत होतो. एवढ्यात माजघरातून आईंचा आवाज आला, "अरे, आधी तिचा दिवा बघा."

वीज परत आल्यावर राउटर जागा होण्यास दोन मिनिटे लागतात. तेवढा वेळ त्या फळीखाली, भिंतीला टेकून, वर पाहत बसून होत्या. हिरवा दिवा लागला तेव्हा त्यांनीच सूनबाईंना हाक मारली.