जरा हळू ढवळ!

'मॅग्नेटिक स्टरर' म्हटलं की आपल्याला केमिस्ट्री लॅबमधलं कुलूपबंद कपाट आठवतं. पण मित्रहो, त्यात असतं काय? एक मोटर, तिच्यावर फिरणारं चुंबक आणि वर फ्लास्कमध्ये टेफ्लॉनचं आवरण असलेली चुंबकाची छोटी कांडी. खालचं फिरलं की वरची फिरते. बस्स! १९४४ साली आर्थर रोझिंगर यांना अमेरिकेत याचं पेटंट मिळालं.

माझी मावसबहीण पोलादपूर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तिकडे पावसाळ्यात धो धो पाणी आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट! "चवदार तळ्यावर १९२७ साली पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह झाला, हे पोरांना पाठ आहे. आता आपल्या विहिरीचं पाणी तपासायलाही शिकू देत," असं तिचं म्हणणं. पाण्याचा कठीणपणा काढताना ई.डी.टी.ए. थेंब थेंब सोडायचं आणि लाल रंग निळा होताना नेमका पकडायचा. एक हात ब्युरेटच्या तोटीवर, दुसरा फ्लास्क हलवायला. पोरांची नुसती त्रेधा!

"अगं, इंजिनिअर होतेयस ना? मग ढवळायचं यंत्र करून दे," ताईचं फर्मान. अटी दोनच: लाइट गेली तरी चाललं पाहिजे आणि मुलांच्या हातात देता आलं पाहिजे.

जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा घेतला, मधोमध दोन चुंबकं चिकटवली. पण थेट वीज दिली की पंखा इतका सुसाट सुटतो की कांडी साथ सोडून फ्लास्कमध्ये तडतडत बसते. वेग आवरायलाच हवा.

काका म्हणाले, "घरच्या पंख्याचा रेग्युलेटर लाव की!" प्रश्न रास्त होता. पण तो २३० व्होल्ट ए.सी.साठी, आणि आमचा पंखा डी.सी.वाला. मी 'रेझिस्टन्स, व्होल्टेज' सुरू केलं तेव्हा काकांनी थांबवलं, "रोध म्हण गं!" कॉन्व्हेंटवालीला हा शब्द तिथे मिळाला.

मग एल.एम. ३१७ ही आय.सी. वापरली. तिला २४० ओहमचा एक रोध, आणि ६८० ओहमला जोडून १ किलो-ओहमचा पॉट. हिशेब केला तर पंख्याला साधारण ४.८ ते १० व्होल्ट मिळतात. ६८० चा रोध कशाला? त्याच्याशिवाय नॉब अगदी खाली आणला तर पंखा जागचा हलणारच नाही. आय.सी. तापते म्हणून हीट सिंक. तिचा पत्रा आउटपुटलाच जोडलेला असतो, म्हणून तो डब्याच्या धातूला टेकू द्यायचा नाही.

खरा प्रश्न स्विचचा. वेगळा बसवला, तर नॉब पूर्ण फिरवलेला असताना कुणीतरी बटण दाबणार आणि कांडी उडणार! जुन्या रेडिओत नॉब फिरवला की 'टक्' करून रेडिओ चालू व्हायचा आणि आवाज हळूहळू वाढायचा. तसाच स्विचवाला पॉट लॅमिंग्टन रोडवरून मागवला. आता यंत्र दर वेळी सावकाशच सुरू होतं. लाइट गेली तर बाइकची बॅटरी जोडायची, १२ व्होल्टच तर हवेत!

डब्यावर ताईनं लिहिलंय: 'चालू', 'हळू', 'जोरात'. सातवीतल्या पोरीही कुणाला न विचारता तो चालवतात.

ताईला असे आणखी तीन हवेत. तेव्हा हॉस्टेलकरांनो, मोडके कॅबिनेट भंगारात द्यायच्या आधी त्यातला पंखा तेवढा माझ्याकडे आणून द्या!