चालतंय ना? मग हात लावू नकोस

आमच्या कळव्याच्या घरात खिडकीजवळच्या टेबलावर एक कॉम्प्युटर आहे. राखाडी कॅबिनेट, आणि काम नसेल तेव्हा त्यावर आईने जुन्या पडद्याच्या कापडाचं शिवलेलं कव्हर. २०१२मध्ये मी नववीत असताना तो ‘मुलीच्या अभ्यासासाठी’ म्हणून घेतला. दोन-तीन महिन्यांत तो बाबांचा झाला. मी मात्र पुढची बारा वर्षं त्याला ‘आपला कॉम्प्युटर’ म्हणत राहिले.

बाबा ठाण्यातल्या एका प्रेसमध्ये कंपोझिंग करायचे. प्रेस बंद झाली आणि बाबांनी घरीच डीटीपी सुरू केलं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, गणेश मंडळांचे अहवाल, क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका. सगळं विंडोज ७वर, जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये, ज्याचं डोंगल मागे लावल्याशिवाय ते उघडतच नाही. फाँट युनिकोडच्या आधीचे. त्यातली फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडली की ‘चि. सौ. कां.’च्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार दगा देतात, आणि लग्नपत्रिकेत वधूच्या नावातला रफार चुकून चालत नाही. शिवाय बाबांची बोटं टाइपरायटरच्या कीबोर्डवर घडलेली. ते कीबोर्डकडे बघतसुद्धा नाहीत. त्यामुळे ‘नवा घेऊ या की’ या वाक्याला आमच्याकडे काही अर्थ नव्हता.

मशीन मात्र फार हळू झालं होतं. बाबा बटण दाबून चहा ठेवायला जायचे. चहा उकळून, गाळून, कप टेबलावर आला तरी डेस्कटॉप आलेला नसायचा. दोष होता फिरत्या हार्ड डिस्कचा. आणि माझ्या खणात २५६ जीबीचा एक एनव्हीएमई एसएसडी पडून होता, लॅपटॉपमध्ये मोठा टाकल्यावर उरलेला. च्युइंगगमच्या पट्टीएवढा.

बाबांच्या बोर्डवर त्या पट्टीसाठी जागा नाही. पण ग्राफिक्स कार्डाचा लांब स्लॉट रिकामा होता, आणि त्यात बसणारं अडॅप्टर कार्ड तीनेकशे रुपयांत मिळतं. ते मागवलं, बसवलं, मशीन सुरू केलं. विंडोज जुन्या डिस्कवरून आलं, पण बूटच्या यादीत नव्या ड्राइव्हचं नावच नव्हतं.

हे असं का होतं? बटण दाबल्यावर प्रोसेसर आधी मदरबोर्डवरच्या आठ पायांच्या एका चिपमधला प्रोग्राम चालवतो. त्याला आपण अजून बायोस म्हणतो. हा शब्द गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एमपासूनचा, म्हणजे १९७०च्या दशकातला. आता त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे, नाव तेवढं टिकलं. या प्रोग्रामच्या पोटात छोटे छोटे ड्रायव्हर असतात : कीबोर्डचा एक, यूएसबीचा एक, साटा डिस्कचा एक. ज्याचा ड्रायव्हर आहे, तेवढंच त्याला दिसतं.

एनव्हीएमई ही डिस्कशी बोलण्याची वेगळी भाषा आहे. जुनी एएचसीआय फिरत्या तबकडीला डोळ्यांसमोर ठेवून केलेली : एकच रांग, त्यात एका वेळी ३२ हुकूम. एनव्हीएमईमध्ये अशा हजारो रांगा लावता येतात. तिची पहिली आवृत्ती मार्च २०११मध्ये आली. बाबांच्या बोर्डवरचा एच-६१ चिपसेटही २०११च्याच सुरुवातीचा. जवळजवळ जुळी भावंडं, पण बोर्ड बनवताना कोणी ओळख करून दिली नाही.

विंडोजला ड्रायव्हर दिला की तो ही भाषा बोलू शकतो. अडचण अशी, की विंडोजच त्या ड्राइव्हवर ठेवायचं आहे. म्हणजे लॅचचं दार ओढलं गेलं आणि किल्ली आत राहिली.

यावर हौशी लोकांनी उपाय शोधलेला आहे. पुढच्या काळातल्या बोर्डांच्या बायोसमधून एनव्हीएमईचा ड्रायव्हर काढायचा आणि आपल्या बोर्डच्या बायोस फाइलमध्ये घालायचा. यूईएफआयची रचना सुट्या भागांची असल्यामुळे एका बोर्डचा भाग बऱ्याचदा दुसऱ्यावर चालतो. हा तुकडा साधारण २० केबीचा. पत्रिकेवरचा गणपती याहून मोठा असतो.

इथे एक कबुली. याहून सोपे दोन मार्ग मला माहीत होते. एक, साधा साटा एसएसडी आणून जुन्या डिस्कच्या जागी लावणं. एच-६१वरचे साटा पोर्ट जुन्या ३ गिगाबिटचे, म्हणून तो पूर्ण वेगाने चालला नसता. पण फिरत्या डिस्कपुढे तो विमानच, आणि बाबांना फरक कळलाही नसता. दुसरा, क्लोव्हर नावाचा बूटलोडर पेनड्राइव्हवर टाकणं. मशीन पेनड्राइव्हवरून सुरू होतं, एनव्हीएमईचा ड्रायव्हर तिथून घेतं आणि पुढे जातं. चिपला हात लागत नाही.

मग मी चिपलाच हात का लावला? मी ऐरोलीला नोकरी करते. आमचा कोड कुठल्याशा क्लाउडवर चालतो, तो क्लाउड आणखी कशावर तरी, आणि खाली काय आहे हे मी कधी पाहिलेलं नाही. कॉलेजात पाठ केलेल्या गोष्टीला एकदा तळाशी जाऊन हात लावायचा होता. म्हणजे हे काम बाबांसाठी नव्हतं. बाबांच्या मशीनवर माझ्यासाठी होतं.

बाबा एवढंच म्हणाले होते, “चालतंय ना? मग हात लावू नकोस. तुळशीचं लग्न झालं की पत्रिका सुरू होतील.”

“अर्ध्या तासाचं काम आहे, बाबा.”

२०२४ची भाऊबीज, रविवार. जेवून बाबा आडवे झाले. मी यूईएफआयटूलमध्ये बायोसची फाइल उघडली, ड्रायव्हर योग्य विभागात शेवटी घातला आणि सेव्ह केलं. वाचलेल्या सूचनांमध्ये एक गोष्ट ठळक होती : फाइलमध्ये मुद्दाम सोडलेल्या रिकाम्या जागा असतात, त्यांना पॅड फाइल म्हणतात. ड्रायव्हर घातल्यावर त्या आधी होत्या तशाच आहेत का, हे मूळ फाइलशी ताडून बघायचं. टूलने काही एरर दिली नव्हती. मी ताडून बघितलं नाही.

बोर्डच्या स्वतःच्या अपडेट प्रोग्रामने बदललेली फाइल घ्यायला नकार दिला. तिथे तरी थांबायला हवं होतं. मी डॉसच्या पेनड्राइव्हवरून ती जबरदस्तीने लिहिली आणि रीस्टार्ट केलं.

पंखा फिरला. बीप आला नाही. स्क्रीन काळा.

ऑफिसात माझ्याकडून काही मोडलं तर मागच्या आवृत्तीवर परत जायला एक बटण आहे. इथे ते बटण ज्या प्रोग्राममध्ये असायला हवं, तोच मी मोडला होता. बाबांच्या फायली जुन्या डिस्कवर शाबूत होत्या. पण त्या उघडणारं मशीन आता नव्हतं.

बाबा उठले. कॅबिनेटचं उघडं झाकण बघितलं, माझा चेहरा बघितला. “किती वेळ लागेल?”

“उद्या... लॅमिंग्टन रोडला जावं लागेल.”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. कपाटातून एका ग्राहकाने हाताने लिहून दिलेला मजकूर काढला, खिशात पेनड्राइव्ह टाकला (बाबा अजून त्याला फ्लॉपी म्हणतात) आणि नाक्याजवळच्या मित्राच्या दुकानात गेले. रात्री साडेनऊला परत आले. एका पानाच्या पत्रिकेला तीन तास.

“त्याच्याकडे माझा कीबोर्ड नाही,” ते आईला म्हणाले. “दोन बोटांनी केलं.”

मी आतल्या खोलीत होते. बाबा दोन बोटांनी टाइप करताहेत हे चित्र काही केल्या डोळ्यांसमोरून जाईना.

सोमवारी सुट्टी टाकली. नशिबाने आमच्या बोर्डवरची चिप डाग दिलेली नाही, सॉकेटमध्ये बसवलेली आहे. पाय न वाकवता ती हळूच उपसली, फॉइलमध्ये गुंडाळून काडेपेटीत ठेवली आणि स्लो लोकल पकडली. कळव्याला फास्ट थांबत नाही. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड.

तिथल्या एका दुकानात सीएच-३४१ए प्रोग्रामर मिळाला, यूएसबीला लावून अशा चिपवर थेट लिहिता येतं तो. तीच चिप कोरीही मागितली. दुकानदाराने काडेपेटी उघडून बघितली आणि हसला. “घरचं मशीन?” मी मान हलवली. तो म्हणाला, “जुनी चिप आधी वाचून घ्या, मॅडम. दोनदा वाचा. दोन्ही फायली सारख्या आल्या तरच लिहायचं.”

घरी आल्यावर मी लॅपटॉप घेऊन बसले, तर बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले. “दाखव काय करतेस ते.”

चिपवरची खूण आणि प्रोग्रामरवरची खूण जुळवून ती बसवली. दोनदा का वाचायचं ते सांगितलं : संपर्क नीट नसेल तर दर वेळी थोडं वेगळं वाचलं जातं. बाबा म्हणाले, “म्हणजे प्रूफ. प्रेसमध्ये एक जण मोठ्याने वाचायचा, दुसरा मूळ कॉपीवर बोट ठेवून बसायचा. एकट्याने वाचलं की आपल्याला जे असायला हवं तेच दिसतं.”

मी दोन वर्षं कोड रिव्ह्यू करते आहे. इतक्या स्वच्छ शब्दांत तो कशासाठी असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मूळ फाइल चिपवर लिहिली, पडताळली, चिप परत बसवली. बीप आला. बाबांनी काही न बोलता डोंगल लावलं आणि कामाला बसले.

माझ्या दृष्टीने विषय संपला होता. गुरुवारी रात्री बाबांनीच काढला. “ते वीस केबीचं राहिलं ना? कोऱ्या चिपवर घाल. पण प्रूफ मी बघणार.”

या वेळी मूळ फाइल आणि बदललेली फाइल, दोन्हींतल्या भागांच्या याद्या छापून काढल्या. शंभराहून जास्त ओळी. मी वाचत गेले, बाबा पट्टी ठेवून ताडत गेले. इंग्रजी नावांचा अर्थ त्यांना माहीत नव्हता आणि त्याने काही अडत नव्हतं. रविवारची बिघडलेली फाइलही त्यांनी मागून घेतली. तिच्यात मध्येच त्यांची पट्टी थांबली. “इथे एक ओळ गाळलीय.” ती पॅड फाइल होती. नव्या फाइलमध्ये ती जागेवर होती आणि शेवटी एकच ओळ जास्त होती, एनव्हीएमईची.

विंडोज ७लाही एनव्हीएमई मुळात येत नाही, पण मायक्रोसॉफ्टने त्यासाठी पुढे एक हॉटफिक्स काढला होता. तो जुन्या डिस्कवर टाकला, मग सगळं नव्या ड्राइव्हवर यूईएफआयला चालेल अशा विभागणीत उतरवलं. विंडोज ७चा सपोर्ट जानेवारी २०२०मध्येच संपला, म्हणून या मशीनला इंटरनेट जोडत नाही. फायली पेनड्राइव्हवरूनच जातात-येतात.

कोरी चिप लिहून बसवली, बूटची यादी उघडली. नवा ड्राइव्ह दिसत होता, पण नाव होतं ‘पाटा’. पाटा म्हणजे साटाच्याही आधीची, रुंद पट्ट्यासारख्या केबलची पद्धत. या बायोसकडे एनव्हीएमईसाठी शब्दच नाही, म्हणून अशा बोर्डांवर तो याच नावाने दिसतो. मी बाबांना हे सांगितलं.

“दिसतोय ना?” बाबा म्हणाले. “मग फ्लॉपी म्हण नाहीतर पाटा म्हण.”

डेस्कटॉप आता चहाला आधण यायच्या आत येतो. त्या वर्षीच्या पत्रिका वेळेवर गेल्या. मूळ चिप काडेपेटीत घालून बाबांनी टेबलाच्या खणात ठेवली आहे. काडेपेटीवर चिठ्ठी चिकटवलेली आहे, त्यांच्याच मशीनवर टाइप केलेली, ठळक अक्षरांत : मूळ प्रत. विचारल्याशिवाय हात लावू नये.