सेफ्टी शूज काढल्यावर

नकली पाय घ्यायचा म्हटलं की घरात पहिली चर्चा किमतीची होते. आमच्याकडेही तीच झाली. माझा मामेभाऊ चाकणजवळ महाळुंग्याच्या एका कारखान्यात डाय-सेटर आहे. रात्रपाळीला जाताना तळेगाव-चाकण रस्त्यावर अपघात झाला आणि उजवा पाय गुडघ्याखाली गेला. जखम भरल्यावर प्रश्न आला, पाय कोणता बसवायचा? मामींचं म्हणणं एकच होतं, "मुलगा लवकर उभा राहू दे, बस."

जयपूर फूट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. 1968 साली कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला. अनवाणी चालणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, चिखलपाण्यात जाणं, हे सगळं डोक्यात ठेवून केलेला पाय. 1975 पासून भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो मोफत बसवते. नडगीचा भाग प्लास्टिकच्या पाइपचा. पण पावलाची जागा आणि कोन बनवतानाच पक्के होतात. नंतर काही खटकलं तर बरंचसं काम पुन्हा करावं लागतं.

दुसरा प्रकार मॉड्युलर. वर कप, मध्ये धातूची नळी, खाली पाऊल. नळीच्या दोन्ही टोकांना उलट्या पिरॅमिडसारखा सांधा असतो आणि त्याला चारही बाजूंनी ग्रब स्क्रू. एक सैल करून समोरचा आवळला की कोन बदलतो. भाऊ हे बघून खुलला. अपघातानंतर पहिल्यांदाच त्याने कुणाला तरी उलटसुलट प्रश्न विचारले. कोन बदलला तर पाऊल सरकणारही, मग नुसतं सरकवायचं कसं? तंत्रज्ञ म्हणाले, वरचा सांधा एकीकडे आणि खालचा तेवढाच उलट दिशेला फिरवायचा. भाऊ हसला. डायखाली शिम घालताना तो अशीच आकडेमोड करत असतो.

हे सरकवणं म्हणजे काही मिलिमीटरचा खेळ. पाऊल कपाच्या मानाने जास्त पुढे गेलं तर चालताना गुडघा मागे ढकलला जातो आणि चढावर चालल्यासारखं वाटतं. जास्त मागे राहिलं तर गुडघा अचानक पुढे दुमडतो. आधी टेबलावर, मग उभं करून, मग चालवून, अशा तीन टप्प्यांत ही जुळणी होते. शिवाय पहिल्या वर्षात उरलेला पाय आकसत जातो, मोज्यांचे थर वाढवावे लागतात, चाल बदलते. म्हणून पहिला पाय तरी फेरजुळणी होणारा असावा असं माझं मत झालं. तो महाग पडतो, हे मान्य. पण आठ तास मशीनपुढे उभं राहणाऱ्याला चुकीच्या कोनाची किंमत गुडघ्यातून आणि कमरेतून भरावी लागते.

तरीही एक गोष्ट आम्हा कुणाच्याच लक्षात आली नव्हती. जुळणी बुटाच्या टाचेप्रमाणे होते. भावाची झाली सेफ्टी शूजवर, ज्यांची टाच पंज्यापेक्षा सेंटिमीटरभर उंच. कारखान्यात तो ऐटीत चालायचा. जुम्म्याला नेहरूनगरच्या मशिदीत बूट काढले आणि रांगेत उभा राहिला तर मागे कलंडायला लागला. बूट गेला, टाच खाली बसली, नळी मागे झुकली. शेजाऱ्याने दंड धरला म्हणून बरं.

कुणी म्हणालं, खुर्चीवर नमाज पढ. सवलत आहेच. उभं राहता येत नसेल त्याने बसून पढावी, यात वाद नाही. वुजूचंही तसंच. घोट्याच्या वरून पाय गेला असेल तर तो धुण्याचं फर्ज उरत नाही. पण भावाचं म्हणणं, "मला उभं राहता येतंय. फक्त टाचेखाली दहा मिलिमीटर कमी पडतायत." सवलत नाकारणारा कुणी कट्टर तो नाही. अत्तहियातला बसताना तो उजवा पाय बाजूला सरळ पसरतो, सफेच्या कडेला जागा घेतो, कारण ते पाऊल त्याच्या वजनाखाली दुमडत नाही. जिथे जमत नाही तिथे सवलत, जिथे मापाचा प्रश्न आहे तिथे माप.

टाचेची उंची बटण दाबून बदलणारी पावलंही मिळतात, पण ती किंमत आमच्या आवाक्याबाहेरची होती. मग तंत्रज्ञांना विचारून टाचेखाली बसेल अशी रबरी पाचर कापली आणि ती चामड्याच्या मोज्यात, खुफ्फमध्ये, शिवून घेतली. बूट काढायचे, नकली पावलावर तो मोजा चढवायचा. तळ घसरू नये म्हणून खाली खरखरीत चामडं.

घरी स्क्रूला हात लावायचा नाही, अशी तंत्रज्ञांची सक्त ताकीद आहे. ते ठरावीक टॉर्कला आवळलेले असतात, आणि एक सैल राहिला तर पाऊल फिरतं. त्यामुळे भावाने ॲलन की पेटीत ठेवून दिली. मात्र कारखान्यातल्या सवयीने प्रत्येक स्क्रूवरून पिवळ्या मार्करची रेघ ओढून घेतली आहे. रेघ तुटलेली दिसली की तपासणीला जायचं.