काच असताना माशी कशाला?

भोंगवली, ता. भोर

चि. ओंकार,

तुझा प्रश्न वहिनींनी मला वाचून दाखवला. रायफलीवर लाल ठिपक्याची काच बसवलीस, आता क्लबातला मित्र म्हणतो की जोडीला राखीव लोखंडी साइटही हवी, आणि दुकानात तिचे इतके प्रकार की तू चक्रावलास. फोनवर हे समजावता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मुळात लोखंडी साइट 'राखीव' झाली ती अलीकडे. फौजेतल्या आमच्या एसएलआर रायफलीला राखीव असं काही नव्हतंच. नळीवर पुढे फोरसाइट, म्हणजे आपली माशी, आणि मागे भोकाची बॅकसाइट. ती 200 पासून 600 पर्यंत सरकवायची. त्याआधीच्या बहुतेक थ्री-नॉट-थ्रींना मागे भोकही नव्हतं, नुसती खाच. साइट रायफलीच्या अंगचीच असायची. 1975 साली स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने लाल ठिपक्याची साइट बाजारात आणली आणि पुढच्या काळात चित्र पालटलं. रायफलीच्या पाठीवर सपाट खाचांची पट्टी आली आणि साइट वेगळी आणून बसवायची पद्धत पडली. आपल्या सैन्याने 2019 मध्ये अमेरिकेतून 72,400 सिग 716 रायफली घ्यायचा करार केला, त्यांची पाठही अशीच. तुझी एआर रायफलही त्याच घाटाची.

म्हणून लोखंड मोडीत निघालं असं मात्र समजू नकोस. आपल्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 1 ऑगस्ट 2024 ला ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन गेला, ते दुर्बिणीविना. 50 मीटर थ्री पोझिशन या त्याच्या स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक भोक, पुढे कडी, आणि समोर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं. त्यातून अंतिम फेरीत त्याने 451.4 गुण काढले.

या भोकात काय जादू आहे ते सांगतो. भोकाकडे बघायचंच नसतं. त्यातून पलीकडे बघितलं की डोळा आपसूक मधोमध येतो, कारण उजेड तिथेच जास्त असतो. सगळं लक्ष माशीच्या टोकावर. टार्गेट थोडं धूसर दिसलं तर दिसू दे. चांदमारीवर नवीन पोरगं नेमकं उलटं करायचं, टार्गेट ठळक बघायच्या नादात माशी हरवायचं, आणि उस्ताद लांबूनच ओरडायचे, "शिस्त कहाँ है तेरी?" शिस्त म्हणजे नेम. उजेड एका बाजूने पडला की माशीची तीच कड चमकते, डोळा तिलाच मधलं टोक समजतो आणि गोळी दुसऱ्या बाजूला जाते. तेव्हा माशीवर काजळी धरायची. पावसात भोकात पाण्याचा पडदा धरतो; एक फुंकर मारली की मोकळं. काचेवर तोच थेंब बसला की ठिपका फुटून पसरतो. वेल्ह्याकडचं जुलैचं धुकं तू पाहिलं आहेस, त्यात काचेची काय गत होते ते सांगायला नको.

आता निवडीचं. तुझी काच मोठं करून दाखवणारी नाही, त्यामुळे साइट सरळ तिच्यातूनच दिसली पाहिजे. उंची अशी घे की माशी काचेच्या खालच्या तिसऱ्या भागात राहील. मग एरवी ठिपक्याच्या आड येत नाही आणि मान जरा खाली घेतली की हाती लागते. पंचेचाळीस अंशांत तिरक्या बसणाऱ्या साइट असतात, त्या मोठं करणाऱ्या दुर्बिणीच्या जोडीला. तुला त्यांचा उपयोग नाही, दुकानदार काहीही सांगो.

घडीची की उभी? मागची घडीची घे, पुढची उभी चालेल. घडीची घेशील ती उभी केल्यावर खटक्याने अडकणारी घे. नुसत्या स्प्रिंगवर उभी राहणारी धक्क्याने निजते. प्लॅस्टिकची हलकी आणि स्वस्त असते, वाईट नसते, पण पुढची साइट गॅस ब्लॉकवर बसवणार असशील तर प्लॅस्टिक नको. तिथे भाजण्याइतकी उष्णता होते. शक्यतो दोन्ही एकाच अखंड पट्टीवर बसव आणि दोन्हींत अंतर जास्तीत जास्त ठेव. हिशोब सोपा आहे: दोन साइटमध्ये अर्धा मीटर अंतर असताना माशी एक मिलिमीटर चुकली तर 100 मीटरवर गोळी 20 सेंटिमीटर सरकते. अंतर 35 सेंटिमीटरवर आणलंस तर तीच चूक साडेअठ्ठावीसच्या पुढे जाते.

तू काही सरहद्दीवर नाहीस. ठिपक्याचा सेल संपला तर तू रायफल पेटीत घालून घरी जाशील, कुणाचं काही बिघडणार नाही. तरी मी घे म्हणतो, कारण लोखंड काचेची झडती घेतं. दोन्ही नीट झिरो केलेल्या, म्हणजे नेम धरू तिथेच गोळी लागेल अशा जुळवलेल्या असल्या की नीट शिस्त घेतल्यावर ठिपका माशीच्या टोकावर येऊन बसतो. एखाद्या दिवशी तो बाजूला दिसला, तर दोघांपैकी कुणाचा तरी स्क्रू ढिला आहे, हे एक गोळी न झाडता कळतं. एवढ्यासाठीच ती रायफलीवर असावी. झिरो न करता नुसती शोभेला बसवलेली साइट मात्र नसलेली बरी.

झिरो करताना ठिपका बंद ठेव. 25 मीटरवर आडवा पडून, हाताखाली टेका घेऊन पाच गोळ्यांचा ग्रुप मार. एका गोळीवरून स्क्रू फिरवायचा नाही, ग्रुपचा मध्य बघायचा. गोळ्या वर लागल्या तर माशी वर, खाली लागल्या तर माशी खाली. डावी-उजवी बाजू मागच्या साइटने, आणि ती मात्र जिकडे गोळी न्यायची तिकडे. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो. आणखी एक, तुझ्या रायफलीवर नजरेची रेघ नळीच्या सहा-साडेसहा सेंटिमीटर वर असते. अगदी जवळून मारलंस तर गोळी जवळपास तेवढी खाली लागणार; लगेच स्क्रू फिरवत बसू नकोस.

साइट घ्यायच्या आधी पट्टीवर दोन्हींमध्ये किती अंतर मिळतंय ते मोजून कळव, आणि नळीपासून काचेच्या मध्यापर्यंतची उंचीही. घेतल्यावर पहिल्या ग्रुपचा कागद जसा असेल तसा फोटो काढून पाठव. इकडे सगळे ठीक. काकू तुला तब्येत सांभाळ म्हणते.

तुझा,
काका